गाळ गावचा, मोजमाप जगाचे
उज्जैनहून गाळण-संशोधनात शिरण्याची कृती

गाळण, म्हणजे फिल्टरेशन, या विषयात संशोधन करायचे तर उज्जैनच्या विद्यार्थ्याला प्रश्न शोधायला गाव सोडावे लागत नाही. फ्रीगंजातल्या टावर चौकातून निघालात तर एकीकडे गऊघाटचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. तिथे गढूळ पाण्याला रोज वाळूच्या थरातून जावे लागते. दुसरीकडे भैरवगढ आहे. तिथल्या बाटिक छपाईच्या पाण्यात मेण आणि रंग दोन्ही मिसळलेले असतात. तिसरीकडे महाकालाचे मंदिर आहे. ज्योतिर्लिंगाची झीज थांबवण्यासाठी अभिषेकाला आर.ओ.चे पाणी वापरावे आणि एका भक्तामागे अर्ध्या लिटरची मर्यादा असावी, हा तोडगा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिन्ही ठिकाणी काम एकच आहे. पाण्याला वाट द्यायची, नको ते अडवायचे, आणि अडवलेले साठून पुढची वाट किती बुजवते त्याचा हिशोब ठेवायचा.

हा हिशोब ज्यांना आयुष्यभर करावासा वाटेल, त्यांच्यासाठी ही कृती आहे. ती बारावीपासून सुरू होते आणि प्राध्यापकाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते. वाट लांब आहे: बी.टेक.ची चार वर्षे, एम.टेक.ची दोन, पीएच.डी.ची साधारण चार ते पाच, त्यानंतर बहुधा एक-दोन वर्षांचे पोस्टडॉक. पण तिच्यातला पहिला प्रयोग कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत एका आठवड्यात पार पडतो, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. प्रश्न आपल्या गावचा घ्यावा आणि मोजमाप असे करावे की जगात कुठेही कुणालाही ते पडताळता यावे. आंरी दार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा अभियंता होता. त्याने शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ साली निष्कर्ष छापले: प्रवाह पाण्याच्या पातळीतील फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो. प्रश्न दिजाँचा होता. नियम आज भूजलापासून औषध कारखान्यांपर्यंत सगळीकडे चालतो.

पायरी १ : पाया भक्कम करा

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. मध्य प्रदेशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रवेश प्रामुख्याने जेईई मेनच्या गुणांवर आणि राज्याच्या काउन्सेलिंगमधून मिळतो. उज्जैन इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकल शाखा आहे, भोपाळला मॅनिटमध्ये आहे. महाराष्ट्रात जायची तयारी असेल तर नागपूरचे व्हीएनआयटी आणि १९४२ साली सुरू झालेले लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थान, लोणेरे येथील बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, आणि मुंबईची आयसीटी. आयसीटी म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेले, जुन्या मंडळींच्या तोंडी अजून यूडीसीटी असलेले संस्थान.

बी.टेक.च्या चार वर्षांत फ्लुइड मेकॅनिक्स, मेकॅनिकल ऑपरेशन्स, मास ट्रान्सफर आणि कोलॉइडचे रसायन, हे चार विषय परीक्षेपुरते वाचून सोडू नका. मेकॅनिकल ऑपरेशन्समध्ये गाळण, निवळण, दळण, चाळण हे सगळे येते, आणि बरेच विद्यार्थी तोच विषय जुनाट समजून टाळतात. गाळण-संशोधकाचे घर तिथेच आहे.

पायरी २ : मूळ कल्पना पक्की करा

कागदातून गढूळ पाणी गाळायला सुरुवात केली की पहिल्या काही क्षणांत कागद गाळतो. मग त्यावर गाळाचा थर बसतो. कारखान्यात त्याला केक म्हणतात. तिथून पुढे खरे गाळण तो केक करतो, आणि अडथळाही त्याचाच असतो. जितके जास्त पाणी गाळाल तितका केक जाड होईल आणि तितका वेग मंदावेल. कागदाचा रोध नगण्य असेल आणि दाब कायम असेल, तर दुप्पट पाणी गाळायला चौपट वेळ लागतो.

म्हणून मोजायच्या गोष्टी दोन: कागदाचा किंवा कापडाचा रोध, आणि दर किलो कोरड्या गाळामागे केकचा रोध. दुसऱ्याला केकचा विशिष्ट रोध म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत बी. एफ. रूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही एकाच सरळ रेषेतून काढण्याची रीत बसवली. ती रीत पुढच्या पायरीत आहे.

पायरी ३ : पहिला प्रयोग करा

साहित्य:

- ९ सेंटिमीटर कागद बसेल असे ब्युखनर फनेल आणि त्याच मापाचे फिल्टर पेपर
- जाड काचेचा, बाजूला नळी असलेला फिल्टर फ्लास्क
- व्हॅक्यूम पंप, व्हॅक्यूम गेज, हवा आत सोडायचा छोटा कॉक
- पंप आणि फ्लास्क यांच्या मध्ये जोडायला एक रिकामा फ्लास्क. याला ट्रॅप म्हणतात
- कॅल्शियम कार्बोनेटची पावडर, ढवळणी, थर्मामीटर, तराजू, ओव्हन
- मोबाइल आणि पाने शिवलेली वही

कृती:

१. फ्लास्क बाहेरून नीट तपासा. काचेला बारीकशी चीर असली तरी तो बाजूला ठेवा. निर्वात झाल्यावर तो आतल्या बाजूला फुटू शकतो. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय पंप सुरू करू नका.

२. फ्लास्कच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवा. सिलिंडरने मोजून ५० मिलिलिटर पाणी ओता, पातळीवर खूण करा, पुन्हा ५० ओता, पुन्हा खूण करा. अशा ५०० मिलिलिटरपर्यंत खुणा करा. तयार छापील खुणांवर विसंबू नका, त्या ढोबळ असतात.

३. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घाला आणि ढवळत राहा. ढवळणे थांबले की जाड कण तळाला बसतात आणि फनेलमध्ये जाणारी स्लरी, म्हणजे हे गढूळ मिश्रण, दर मिनिटाला वेगळी होते.

४. कागद ओला करून फनेलमध्ये बसवा. कडेने हवा शिरत नाही ना ते पाहा. आधी नुसते स्वच्छ पाणी गाळून वेळ नोंदवा. यातून कागदाच्या रोधाचा स्वतंत्र अंदाज मिळतो आणि तो पुढे ताळ्यासाठी लागतो.

५. पंप सुरू करून गेज ५० किलोपास्कलवर आणा. कॉक किंचित उघडा-बंद करत तो तिथेच धरा. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे, इथला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे मुंबईच्या प्रयोगशाळेत जितका निर्वात मिळतो तितका इथे मिळणार नाही. गेजवर प्रत्यक्ष दिसलेला आकडाच वहीत लिहा.

६. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. चौकटीत खुणांची पट्टी आणि गेज दोन्ही दिसली पाहिजेत. सुरुवातीचे ५० मिलिलिटर दोन-तीन सेकंदांतही उतरू शकतात, स्टॉपवॉचला ते नीट पकडता येत नाहीत.

७. स्लरी ओता आणि फनेल एकदाही रिकामे होऊ देऊ नका. केक उघडा पडला की त्याला तडे जातात, हवा आत शिरते आणि प्रयोग तिथेच संपतो.

८. व्हिडिओ पाहून दर ५० मिलिलिटरला लागलेला एकूण वेळ लिहा. पाण्याचे तापमान लिहा. २० अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी १.०० मिलिपास्कल-सेकंद असते, ३० ला ०.८० आणि ४० ला ०.६५. मे महिन्यात आणि जानेवारीत केलेले प्रयोग तापमान न लिहिता एकमेकांशी ताडले, तर गाळाऐवजी ऋतूचा फरक मोजला जाईल.

९. केक काढून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. स्लरीत घातलेली पावडर आणि केकमध्ये मिळालेली पावडर यांचा मेळ बसतो का ते पाहा.

१०. आलेखाच्या आडव्या अक्षावर गाळलेल्या पाण्याचे आकारमान घ्या. उभ्या अक्षावर एकूण वेळ भागिले आकारमान घ्या. बिंदू एका सरळ रेषेत यायला हवेत. पहिले एक-दोन बिंदू भरकटले तर चालतील, कारण तेव्हा दाब स्थिरावलेला नसतो आणि केकने कागद पुरता झाकलेला नसतो.

११. रेषेच्या उतारातून केकचा विशिष्ट रोध काढा: दोन गुणिले उतार, गुणिले क्षेत्रफळाचा वर्ग, गुणिले दाब, या सगळ्याला व्हिस्कॉसिटी आणि दर घनमीटर पाण्यामागचा कोरडा गाळ यांच्या गुणाकाराने भागा. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून कागदाचा रोध मिळतो: छेद गुणिले क्षेत्रफळ गुणिले दाब, भागिले व्हिस्कॉसिटी.

एक उदाहरण सोडवून पाहू. कागदाचा व्यास ९ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.००६३६ चौरस मीटर. दाब ५०,००० पास्कल. व्हिस्कॉसिटी ०.००१ पास्कल-सेकंद. गाळ दर घनमीटरला १० किलो. समजा उतार २५ कोटी आला, एकक सेकंद भागिले घनमीटरचा वर्ग. तर विशिष्ट रोध दर किलोग्रॅमला सुमारे दहा हजार कोटी मीटर येतो, म्हणजे १० चा ११ वा घात. आकडा प्रचंड वाटेल, पण बारीक पावडरींसाठी या शास्त्रात हीच पातळी असते. तुमचे उत्तर १० चा ५ वा घात आले, तर एककांत चूक आहे असे समजा आणि मिलिलिटर-घनमीटरचे रूपांतर पुन्हा करा.

१२. हाच प्रयोग तीनदा करा. मग २०, ३५ आणि ६५ किलोपास्कलला करा. दाब वाढला तरी विशिष्ट रोध तोच राहिला, तर केक दाबला जात नाही. रोधही वाढला तर केक चेपतो आहे. दोन्हींचे लॉगॅरिथम घेऊन आलेख काढला की उतार म्हणून दाबक्षमतेचा निर्देशांक मिळतो. तो ०.३ असेल तर दाब दुप्पट केल्यावर गाळण्याचा वेग सुमारे ६२ टक्के वाढतो. ०.८ असेल तर जेमतेम १५ टक्के. पंप मोठा घ्यावा की गाळावर आधी प्रक्रिया करावी, या कारखान्यातल्या महागड्या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्यात असते. ह्यूस्टन विद्यापीठाचे फ्रँक टिलर यांनी चेपणाऱ्या केकच्या अभ्यासाला अनेक दशके दिली.

पायरी ४ : आता गावचा गाळ आणा

कॅल्शियम कार्बोनेटने हात बसला की त्याच मांडणीत माळव्याची काळी माती घाला. माळव्याचे पठार आणि महाराष्ट्राचे पठार एकाच दख्खनच्या बेसाल्टचे आहे, त्यामुळे इथली काळी माती विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पापुद्र्यांसारख्या, पाण्यात फुगणाऱ्या, अतिसूक्ष्म कणांची असते. कोझेनी यांनी १९२७ साली आणि कारमन यांनी १९३७ साली मांडलेल्या समीकरणानुसार, बाकी सगळे सारखे असेल तर कणाचा आकार दहापट लहान झाल्यावर थराचा रोध शंभरपट होतो. तुमचा प्रयोग मिनिटांऐवजी तासांत जाईल. म्हणून लिटरमागे अर्धा-एक ग्रॅम मातीपासूनच सुरुवात करा.

नदीचे पाणी घेत असाल तर नमुना कुठून घेतला ते नेमके लिहा. इंदूरकडून येणारी खान नदी त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते आणि शहरी सांडपाणी सोबत आणते. २०१४ पासून नर्मदेचे पाणीही जोड योजनेतून क्षिप्रेत येते. त्रिवेणीच्या वरचा नमुना आणि खालचा नमुना ही दोन वेगळी पाणी आहेत. तारीख, वेळ, आदल्या दोन दिवसांतला पाऊस, पाण्याचा गढूळपणा आणि पीएच लिहा. हातमोजे घाला, आणि हे पाणी तोंडाने पिपेटमध्ये ओढू नका.

मग निवळणीचा प्रयोग जोडा. सहा बीकरमध्ये एकाच पाण्याचा एकेक लिटर घ्या. एक बीकर तसाच ठेवा, बाकीच्यांत लिटरमागे ५, १०, २०, ३० आणि ४० मिलिग्रॅम तुरटी घाला. एक मिनिट जोरात, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्या ढवळा. मग पंधरा-वीस मिनिटे सावकाश, ३० फेऱ्यांनी. मग अर्धा तास स्थिर ठेवा. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतले अॅल्युमिनियम तो भार मारते आणि कण एकत्र येऊन फुलोरे होतात. वरच्या पाण्याचा गढूळपणा तर मोजाच, पण तेवढ्यावर थांबू नका: प्रत्येक बीकरचा गाळ पायरी ३ च्या मांडणीत गाळून विशिष्ट रोधही काढा. तुरटीऐवजी निवळीच्या बिया किंवा शेवग्याच्या बियांची पूड घेऊन हेच करता येते. खेड्यापाड्यांत निवळीचे बी उगाळून पाणी स्वच्छ करतात. त्या रिवाजाला रोधाचा आकडा जोडलात की तो संशोधनाच्या भाषेत बोलू लागतो.

वाळूच्या थरातले गाळण मात्र वेगळे असते. तिथे कण वाळूमधल्या पोकळ्यांपेक्षा लहान असतात आणि थराच्या आत खोलवर वाळूला चिकटतात. त्यासाठी ५ सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, तिच्यात ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत अर्ध्या मिलिमीटरची धुतलेली वाळू, आणि मिनिटाला सुमारे १६० मिलिलिटर प्रवाह घ्या. हा ताशी ५ मीटर वेग झाला, शहरी जलद वाळू-फिल्टरच्या पट्ट्यातला. नळीच्या वेगवेगळ्या उंचीवर काचेच्या बारीक नळ्या लावून पातळीतला फरक दर तासाला नोंदवा. खालून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणाही नोंदवा. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो.

पायरी ५ : आपल्याकडच्या वाटा वाचून काढा

गेट ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा आणि पीएच.डी. यांच्या आधी दोन उदाहरणे मुळातून अभ्यासा.

पहिले जे. एन. कर्डिले यांचे. महाराष्ट्रातल्या या अभियंत्याने लहान गावांना परवडतील अशी जलशुद्धीकरण केंद्रे १९७० च्या दशकात रामटेक आणि वरणगाव येथे, पुढे चांदोरी येथे उभी केली. यंत्राने ढवळण्याऐवजी त्यांनी खडीच्या थरातून पाणी नेले. खडीतल्या वळणांनीच पाणी ढवळले जाते आणि फुलोरे धरतात. वाळूच्या वर त्यांनी कुटलेल्या नारळाच्या करवंटीचा थर दिला. करवंटी वाळूपेक्षा हलकी असल्याने तिचे दाणे मोठे ठेवले तरी उलट्या प्रवाहाने धुतल्यावर ती पुन्हा वरच बसते. पाण्याला आधी मोठ्या पोकळ्या आणि मग लहान पोकळ्या मिळतात, सगळा गाळ वरच्या दोन बोटांत न अडकता खोलवर विभागला जातो आणि फिल्टर जास्त वेळ चालतो. अँथ्रासाइटसारखा महाग कोळसा जे काम करतो ते त्यांनी टाकाऊ करवंटीकडून करून घेतले. हे पटले ते केंद्रे चालली आणि त्यांची मोजमापे छापली गेली म्हणून. परदेशी ग्रंथांनीही त्यांची दखल घेतली.

दुसरे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरचे. तिथे भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्यावर काम झाले. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ती सच्छिद्र असते. पुढे त्या राखेला चांदीच्या सूक्ष्म कणांची जोड देऊन डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ हा वीज न लागणारा, हजार रुपयांच्या आतला फिल्टर बाजारात आला. गिरणीच्या दारात पडलेल्या राखेपासून दुकानातल्या वस्तूपर्यंत मध्ये कितीतरी वर्षांचे संशोधन गेले.

यांच्या जोडीला नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेचे संथ वाळू-फिल्टरवरचे काम वाचा. नीरी १९५८ साली सुरू झाली. संथ फिल्टरमध्ये पाणी ताशी फक्त ०.१ ते ०.२ मीटर उतरते आणि वाळूच्या माथ्यावर वाढलेला जिवंत थर जंतूंना अडवतो. पटलांच्या, म्हणजे मेम्ब्रेनच्या बाजूला जायचे असेल तर लोब आणि सौरिराजन या जोडीपासून सुरुवात करा. १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी सेल्युलोज अॅसिटेटचे असे पटल बनवले की समुद्राचे पाणी गोडे करणे व्यवहारात शक्य झाले. त्यातले श्रीनिवास सौरिराजन भारतीय होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, गाळणपटलांवर आणि आयआयटी मुंबईत जयेश बेल्लारे यांच्या गटात डायलिसिसच्या पोकळ तंतूंवर काम झालेले आहे, तेही पाहा.

पायरी ६ : गेट द्या आणि संस्था निवडा

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत गेटची तयारी सुरू करा. केमिकलच्या पेपरचा संकेत सीएच आहे. गुण तीन वर्षे चालतात. एम.टेक.ला गेटवर दरमहा १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.त ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे अशी आहे. बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ची सोय आयआयटींमध्ये असते. पुण्याच्या एनसीएलमध्ये पीएच.डी. करायची तर नोंदणी अॅकॅडमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्चमधून होते. घरच्यांना हे आकडे स्पष्ट सांगा. इतकी वर्षे शिकत राहणे म्हणजे इतकी वर्षे घरावर भार, असा समज पुष्कळ घरांत असतो आणि आकडे दाखवले की तो निवळतो.

संस्थेच्या नावाआधी गाईड पाहा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले तीन लेख पूर्ण वाचा. मग छोटे पत्र लिहा: तुमचा लेख वाचला, त्यातली अमुक आकृती समजली, अमुक प्रश्न पडला, आणि मी स्वतः काळ्या मातीच्या केकचा रोध असा मोजला आहे. सोबत तुमचा आलेख जोडा. शेकडो अर्जांमध्ये स्वतःच्या हाताने काढलेली एक रेषा उठून दिसते. त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांशीही बोला: उपकरण किती दिवस चालू असते, लेखावर नाव कुणाचे येते, पीएच.डी.ला खरोखर किती वर्षे लागतात.

पायरी ७ : पीएच.डी.चा प्रश्न अरुंद करा

"क्षिप्रेचे शुद्धीकरण" हा पीएच.डी.चा विषय होत नाही. "काळ्या मातीच्या फुलोऱ्यांच्या केकची दाबक्षमता तुरटीच्या मात्रेनुसार कशी बदलते" हा होतो. "बाटिकच्या सांडपाण्यातले मेण अल्ट्राफिल्ट्रेशन पटलाची छिद्रे कोणत्या तापमानाला बुजवते" हाही होतो. चांगल्या प्रश्नाची कसोटी सोपी आहे: उत्तर हो आले किंवा नाही आले, तरी दोन्ही वेळा काही नवे कळले पाहिजे.

पहिल्या वर्षी उपकरण स्वतः बांधा किंवा निदान स्वतः उघडून जोडा. दुसऱ्या वर्षी मोजमाप. तिसऱ्या वर्षी गणिती मॉडेल, पण मॉडेलमध्ये न वापरलेल्या प्रयोगांवर ते तपासून पाहा. वहीत तारीख, तापमान, दाब, पावडरीचा बॅच क्रमांक आणि फसलेले प्रयोगही लिहा. पान फाडू नका, आकडा खोडायचा तर वाचता येईल असा एकच काट मारा.

पायरी ८ : लिहा आणि बोला

पहिला लेख दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत पाठवा. आधी आकृत्या करा, मग त्या ज्या क्रमाने बोलतात त्या क्रमाने मजकूर. प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता द्या, नुसता विशिष्ट रोध अपुरा आहे. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. १९४७ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्सचे वार्षिक केमकॉन अधिवेशन विद्यार्थ्यांना बोलायला चांगली जागा आहे. तिथे कारखान्यांतले लोकही येतात आणि कागदावर न सुचलेले प्रश्न विचारतात.

पायरी ९ : स्वतःची प्रयोगशाळा

आयआयटी आणि एनआयटीत सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. लागतेच. मुलाखतीत तीन गोष्टी विचारल्या जातात: काय केले, पुढे काय कराल, काय शिकवाल. तिसऱ्याची तयारी बहुतेक जण करत नाहीत. मेकॅनिकल ऑपरेशन्सचा एक तास कसा घ्याल ते फळ्यावर उभे राहून घरी करून पाहा.

नोकरी लागल्यावर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या तरुण प्राध्यापकांसाठीच्या योजनांमध्ये अर्ज करा. अनुदान येईपर्यंत थांबू नका. पायरी ३ ची मांडणी अनुदानाविना चालते आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे चार प्रकल्प तिच्यावर होतात. कारखान्यांचे प्रश्नही घ्या. प्रा. मनमोहन शर्मा १९६४ साली केंब्रिजहून पीएच.डी. करून यूडीसीटीत परतले, २७ व्या वर्षी प्राध्यापक झाले आणि १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्या पिढीने यूडीसीटीत मूलभूत संशोधन आणि रसायन कारखान्यांचे प्रश्न एकाच टेबलावर ठेवले. गाळणासाठी तो मार्ग अगदी योग्य आहे, कारण कोणत्याही कारखान्यात कुठे ना कुठे एक फिल्टर अडलेला असतो.

अडले तर

*रेषा वरच्या बाजूला वळते.* बारीक कण कागदाची किंवा केकची छिद्रे बुजवत आहेत. स्लरी पातळ करून पुन्हा पाहा.

*रेषा खाली वळते.* केकला तडा गेला आहे, कागदाच्या कडेने गळती आहे, किंवा ढवळणे थांबल्याने पातळ स्लरी येते आहे.

*छेद ऋण येतो.* रोध ऋण असू शकत नाही. वेळेची सुरुवात चुकीच्या क्षणापासून धरली आहे, व्हिडिओ पुन्हा पाहा.

*तीन प्रयोगांची तीन उत्तरे येतात.* आधी तापमान, मग ढवळणे, मग दाब, या क्रमाने तपासा.

*कॉलेजात व्हॅक्यूम पंप नाही.* बंद भांड्यात सायकलच्या पंपाने दाब देऊ नका, ते धोक्याचे आहे. वाळूच्या नळीचा प्रयोग नुसत्या पाण्याच्या उंचीवर चालतो, तो करा.

*गेट मनासारखी गेली नाही.* जवळच्या कॉलेजात एम.टेक. करा, चांगले प्रयोग करा, आणि प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून राष्ट्रीय प्रयोगशाळेत शिरा. तिथून पीएच.डी.कडे वळलेले पुष्कळ आहेत.

पायरी १० : उत्तर परत द्या

लेख छापला की काम अर्धे झाले. उरलेले अर्धे म्हणजे तुमचा आकडा ज्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे त्याच्यापर्यंत पोहोचवणे. जलशुद्धीकरण केंद्रातल्या ऑपरेटरला विशिष्ट रोध नको असतो. त्याला कळायला हवे असते की पावसाळ्यात गढूळपणा इतका वाढला की तुरटी किती घालावी आणि पातळीतला फरक किती झाला की फिल्टर धुवावा. ते एका पानावर, हिंदीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा, त्याच्यासोबत एक पाळी उभे राहा, आणि तुमचे पान कुठे चुकते ते त्याच्याकडून शिकून घ्या. त्या चुकीतूनच पुढच्या विद्यार्थ्याचा पीएच.डी.चा प्रश्न निघतो. विषय असा पुढच्या हातात गेला म्हणजे तुमच्या प्राध्यापकीचे सार्थक झाले.